काळी, पांढरी आणि माण नदीची वाळू

सांगोल्याला एके काळी ‘सोन्याचे सांगोले’ म्हणत. १८८४ च्या सोलापूर जिल्हा गॅझेटियरमध्ये ही आठवण नोंदलेली आहे. विजापूरच्या सुलतानाने इथला भुईकोट बांधला, कोटाभोवती पेठ वाढली आणि पेठेच्या भरभराटीमुळे हे नाव पडले, असे गॅझेटियर सांगतो. पुढे १७५० साली याच कोटात यमाजी शिवदेवाने बंड केले. सदाशिवरावभाऊंनी ते मोडले आणि छत्रपती रामराजा व पेशवे यांच्यातला प्रसिद्ध ‘सांगोल्याचा करार’ इथेच झाला. मराठी राज्याची सूत्रे साताऱ्याहून पुण्याकडे गेली ती या करारानंतर. मग १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेतल्या पठाणांनी शहर लुटले आणि सोन्याचे सांगोले उतरणीला लागले. विजापूरच्या मुसलमान सुलतानाने वसवलेले गाव मराठा सरदारांच्या भांडणात होळकरांच्या पठाणांनी लुटले. आपल्या इतिहासात कोण कुणाचा होता, हे धर्मावरून ठरवू पाहणाऱ्यांनी सांगोल्याचा हा एक परिच्छेद तरी वाचावा.

पण आजचा माझा विषय लढाईचा नाही, घरांचा आहे. माणदेशातला हा भाग पर्जन्यछायेचा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कित्येक वर्षी त्याहूनही कमी. माण नदी साताऱ्याच्या डोंगरात उगवते, आटपाडीवरून सांगोल्यात येते आणि पुढे भीमेला मिळते. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात पाणी दिसत नाही. अशा मुलखात वस्ती वाढवायची तर किती, कुठे आणि कशाच्या जोरावर? आज सरकारी कागदात याला ‘शाश्वत विकास’ म्हणतात. शब्द नवा आहे, प्रश्न जुना आहे. आणि त्याचे एक जुने उत्तर मराठीतल्या दोन साध्या शब्दांत दडलेले आहे: काळी आणि पांढरी.

दोन शब्दांचा विकास आराखडा

काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण, वस्तीची जागा. घर पांढरीत बांधायचे, काळीला हात लावायचा नाही. हा नियम कुणी फर्मान काढून केला नव्हता. जिथे पाणी मुरते, पीक येते ती जमीन घराखाली घालवणे म्हणजे उद्याची भाकरी पायात घालणे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नव्हते. शिवाय पांढरीचे एक वैशिष्ट्य होते. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेणमाती यांनी ती माती तयार झालेली. जुन्या गावठाणाची पांढरी माती शेतकरी गाड्या भरून शेतात नेत, खत म्हणून. म्हणजे पडलेले घरसुद्धा वाया जात नव्हते, ते काळीत परत जात होते.

माझे आजोळ याच तालुक्यातले. नानीच्या घराला माळवद होते. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, पाणी निघून जायला पन्हळी साफ करायच्या. उन्हाळ्यात बाहेर अंग भाजत असताना आत गारवा असे. जिथे पाऊस कमी तिथेच असे सपाट मातीचे छप्पर टिकते. कोकणात ते एका पावसात वाहून जाईल. माळवद हे या हवामानाने, या मातीने बांधलेले घर होते. सिमेंट नाही, पोलाद नाही, आणि नदीतली वाळूही जवळजवळ नाही.

मात्र जुन्याचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट लपवतो. या पांढरीला जातीचा नकाशा होता. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर. आणि गावात राहूनही ज्यांचा काळीत वाटा नव्हता असे कितीतरी लोक होते. त्यांत आपले लोक मोठ्या संख्येने होते. मुलाणी, अत्तार, मणियार, तांबोळी, बागवान, पिंजारी, शिकलगार. कुणी गावगाड्यातला हक्काचा माणूस, कुणी बाजाराचा. काहींना थोडीफार इनामी जमीन असे, पण बहुतेकांचे सगळे जग पांढरीत. घर तिथेच, धंदा तिथेच, कबरस्तान तेवढे बाहेर.

या एका गोष्टीचे परिणाम आजपर्यंत येतात. लोकसंख्या वाढली, पांढरी भरली. ज्यांना काळी होती ते आपापल्या शेतात वस्ती करून राहायला गेले. आज सांगोला तालुक्यात फिरलात तर गावापेक्षा वाड्या-वस्त्याच जास्त दिसतात, त्या अशा तयार झाल्या. ज्यांना काळी नव्हती ते कुठे जाणार? त्यांनी एका खोलीच्या दोन केल्या, दोनाच्या चार केल्या. आपल्या मोहल्ल्यांतली गर्दी ही आपली ‘सवय’ आहे, असे म्हणणाऱ्यांना हा जमिनीचा हिशेब माहीत नसतो.

पाणी आधी, शहर नंतर

खेडे आपल्या पोटापुरते भागवत होते. राजधानीचे शहर मात्र तसे भागत नाही. तिथे हजारो माणसे एकाच जागी आणून बसवायची असतात आणि म्हणून राज्यकर्त्याला पाण्याचा विचार आधी करावा लागतो. दख्खनच्या सुलतानांच्या शहरांत हे स्पष्ट दिसते.

अहमद निजामशहाने १४९० मध्ये अहमदनगर वसवले आणि आजूबाजूच्या टेकड्यांकडून खापरी नळांतून पाणी आणण्याची व्यवस्था तिथे उभी राहिली. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि काही वर्षांतच डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर बांधली. ‘नहर-ए-अंबरी’ तीनशेहून अधिक वर्षे शहराला पाणी देत राहिली. सांगोल्यावर ज्यांची सत्ता होती त्या आदिलशहांच्या विजापुरात ताजबावडी १६२० ची, बेगम तलाव १६५१ चा. तलावातून मातीच्या नळांनी पाणी शहरात येई आणि वाटेत दाब कमी करण्यासाठी उंच मनोरे बांधलेले होते. त्यांतले काही आजही उभे आहेत.

सुलतान शहाणे होते आणि आपण मूर्ख, असे सांगण्यासाठी ही यादी दिलेली नाही. सुलतानांचा पहिला पाट महालाकडे आणि बागेकडे जाई, गरिबाच्या वाट्याला उरलेले येई. दुसरा इब्राहिम आदिलशहा मोठा कलावंत राजा. त्याने १५९९ मध्ये विजापूरच्या पश्चिमेला नवरसपूर नावाची नवी नगरी बांधायला काढली. ती कधीच नीट पूर्ण झाली नाही आणि १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेने तिची धूळधाण केली. म्हणजे हौसेचे नगर तेव्हाही उभे राहत होते आणि तेव्हाही ओस पडत होते.

त्या काळाकडून घ्यायचे ते एवढेच: शहर टिकायचे असेल तर पाण्याचा हिशेब घरांच्या हिशेबाच्या आधी होतो. मलिक अंबरचे राज्य गेले, पण त्याच्या नहरीवर पुढच्या सगळ्या सत्तांनी पाणी प्यायले.

मोजणी आली, पाणी सुटले

इंग्रजांनी दख्खनची शास्त्रशुद्ध मोजणी सुरू केली ती आपल्या शेजारच्या इंदापुरात, १८३५-३६ च्या सुमारास. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी प्रत्येक शेताला नंबर दिला, मातीचा मगदूर पाहून आकार ठरवला. गावठाणाला हद्द पडली. पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने शेतजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर कलेक्टरची परवानगी लागेल असे ठरवले. काळी आणि पांढरी यांतली रेषा, जी आधी रिवाजाने सांभाळली जात होती, ती आता दफ्तरात आली. तिचे नवे नाव ‘बिगरशेती’, बोलीत एनए.

गंमत अशी की या दफ्तराची निम्मी भाषा अरबी-फारसीतून आलेली आहे. जमीन, हद्द, नकाशा, अर्ज, मंजूर, दाखला, वारस, कब्जा, इनाम, तहसील. हे सगळे शब्द मराठी माणूस रोज वापरतो आणि ते परके आहेत असे त्याला वाटत नाही. पण शब्दांपलीकडे एक फरक पडला. सरकारची नजर महसुलावर होती. जमीन शेतीची राहिली तर एक आकार, घराची झाली तर दुसरा. त्या घराला पाणी कुठून येईल, हा प्रश्न मोजणीच्या रजिस्टरात नव्हता.

तलाव इंग्रजांनीही बांधले. सोलापूरजवळचा एकरुख तलाव १८७१ चा, आणि त्याच्या आधाराने गिरण्यांचे सोलापूर वाढले. पण १८७६-७८ च्या दुष्काळाने दाखवून दिले की शहरे वाढवणारे सरकार आणि खेडी जगवणारे सरकार यांत अंतर असते. दुष्काळात वस्ती उठून जाणे माणदेशाला नवे नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ संपते तीही वाडी ओस पडूनच.

स्वातंत्र्यानंतर कायदे सुधारले. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ पासूनच होता. त्याची जागा पुढे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने घेतली. या कायद्याप्रमाणे प्रत्येक नगरपरिषदेने विकास आराखडा करायचा, त्यात रस्ते, शाळा, बाजार यांबरोबर पाणीपुरवठा आणि सांडपाण्याचीही तरतूद करायची, आराखडा लोकांपुढे ठेवायचा, हरकती-सूचना घ्यायच्या. कागदावर यात काही कमी नाही. कमी पडते ती वेळ. आराखडा मंजूर व्हायला वर्षे लागतात आणि माणसाला घर आज लागते.

या फटीतून गुंठेवारी जन्माला आली. शेतकरी अडचणीत, त्याला रोख हवी. गरिबाला जागा हवी, बिगरशेती प्लॉट परवडत नाही. मग काळीतला एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायचा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे सातबाऱ्यावर नाव लागत नसे. नाव नाही म्हणून बांधकाम परवाना नाही, परवाना नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, आणि नळ, गटार, रस्ता यांसाठी नगरपरिषदेच्या दारात वर्षानुवर्षे उभे राहायचे. सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. म्हणजे आधी लोकांनी घरे बांधायची, मग वीस वर्षांनी सरकारने ती पाहायची. आपल्या समाजातली किती घरे अशा गुंठ्यांवर उभी आहेत, हे प्रत्येकाने आपापल्या नातेवाइकांत मोजून पाहावे.

घरकुलाची वाळू

आता सांगोल्याच्या नदीकडे येतो, कारण घर आणि पर्यावरण यांची खरी गाठ तिथे पडते.

वाळूची नदी कोरडी दिसते, पण कोरडी नसते. पाणी वाळूच्या पोटात असते. उन्हाळ्यात पात्रात हातभर खड्डा केला की त्यात पाणी पाझरते, घागर भरते. काठच्या विहिरींनाही त्याच ओलाव्याचा आधार. वाळू ही माण नदीची टाकी आहे, आणि वरून झाकलेली असल्यामुळे त्या टाकीतले पाणी उन्हाने पटकन उडत नाही.

माळवदाच्या घराला ही टाकी लागत नव्हती. स्लॅबच्या घराला लागते. भिंत, प्लास्टर, काँक्रीट, सगळ्याला वाळू. जसजशी पक्की घरे वाढली, तसतशी माण आणि भीमेच्या पात्रांतून वाळू निघत गेली. गावाच्या गरजेपुरती बैलगाडीने निघायची तोवर नदी पुढच्या पुरात ती भरून काढी. ट्रक आणि यंत्रे आली, मोठ्या शहरांची मागणी आली, आणि पात्राचे खडक उघडे पडले. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील वाळूसारख्या गौण खनिजांच्या उपशालाही पर्यावरणाची मंजुरी लागेल असे सांगितले. त्यानंतर राज्याची वाळू धोरणे पुन्हा पुन्हा बदलली. लिलाव, डेपो, सहाशे रुपये ब्रास, पुन्हा लिलाव. चोरटा उपसा मात्र बातम्यांतून कधी गेला नाही.

या सगळ्यात एक तरतूद आहे, जी मला महत्त्वाची वाटते. घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रास वाळू मोफत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला साध्या भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचे. एवढ्या पैशात घर उभे करताना बाजारभावाची वाळू घेतली तर भिंती निम्म्यावर थांबतात. म्हणून मोफत वाळू ही दया नाही, गरज आहे. पण ती वाळू येते त्याच नदीतून जिच्यावर त्या लाभार्थ्याची विहीर किंवा हातपंप अवलंबून आहे.

साधा हिशेब करू. पाच ब्रास म्हणजे पाचशे घनफूट, साधारण १४ घनमीटर. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत चौथा हिस्सा पाणी मावते असे धरले, तर एका घरकुलाच्या वाळूबरोबर नदीची साडेतीन हजार लिटरची जागा जाते. एका वर्षासाठी नाही. जोवर नदी नवी वाळू आणत नाही, तोवर दर पावसाळ्यात तेवढे पाणी कमी मुरणार.

आता दुसरा हिशेब. त्याच घरकुलाचे छप्पर २५ चौरस मीटरचे. सांगोल्याचा ५०० मिलिमीटर पाऊस त्यावर पडला तर वर्षाला साडेबारा हजार लिटर पाणी. थोडे उडाले, थोडे सांडले, तरी दहा हजार लिटर हाती लागते. नदीकडून साडेतीन हजारांची जागा घेतली आणि जमिनीला दर वर्षी दहा हजार परत केले, तर व्यवहार नदीच्या बाजूने झुकतो. शंभर घरकुलांच्या गावात हे दहा लाख लिटर होतात. लागते काय? स्लॅबला एक पाइप, एक शोषखड्डा किंवा टाकी, आणि मंजुरीच्या कागदात त्यासाठी वेगळे दोन पैसे.

पण नियम काय सांगतो? डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पावसाचे पाणी साठवण्याची सक्ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. एक गुंठा म्हणजे जेमतेम १०१ चौरस मीटर. म्हणजे ज्या लहान घरांनी आपली गावे आणि मोहल्ले भरले आहेत, ती सगळी या विचाराच्या बाहेर राहिली. लहान घरावर सक्ती लादावी असे मी म्हणत नाही. गरिबावर सक्ती म्हणजे आणखी एक दाखला आणि आणखी एक चहापाणी. मी म्हणतो, मदत द्यावी. पाच ब्रास वाळू मोफत देणाऱ्या सरकारला एक पाइप आणि एक खड्डा मोफत देणे जड नाही.

दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू हा दुसरा मार्ग. राज्याने २०२५ मध्ये त्यासाठी धोरण आणले. नदीवरचा भार त्याने कमी होईल. पण तो दगडही कुठल्या तरी टेकडीतून निघणार आहे, हे विसरून चालणार नाही.

तीस हजार घरे

सोलापूर जिल्ह्याने घरांच्या बाबतीत देशाला एक मोठे उदाहरण दिले आहे. विडी कामगार महिला आणि यंत्रमाग कामगार यांनी कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढून घरे मिळवली. आधी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरांची, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते. मग तिथेच रे नगर, तीस हजार घरांचे. ९ जानेवारी २०१९ ला भूमिपूजन, १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या पंधरा हजार घरांचे वाटप, दोन्ही पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते. या घरांत पद्मशाली आहेत, मुसलमान आहेत, दलित आहेत, एकाच भिंतीला भिंत लावून. जुन्या पांढरीला जे जमले नाही ते इथे झाले. ही लहान गोष्ट नाही.

पण तीस हजार घरे म्हणजे एक शहर. सांगोल्यापेक्षा मोठे शहर. आवास योजनेचे अनुदान घरापुरते असते. वस्तीपर्यंत पाणी, मलनिस्सारण, रस्ते आणायचे तर पैसा वेगळ्या योजनांतून, वेगळ्या खात्यांकडून उभा करावा लागतो. आणि शेजारचे सोलापूर शहर उजनीसारखे धरण जिल्ह्यात असूनही कित्येक वर्षे काही दिवसांआड पाणी पिते. घराची चावी एका दिवशी मिळते, पाण्याचा नळ दुसऱ्याच खात्याच्या तारखेला येतो. मलिक अंबरची पद्धत इथे उलटी झाली आहे.

यावर काही शहाणे लोक म्हणतात, मग एवढी घरे बांधूच नयेत, पर्यावरण झेपत नाही. हा युक्तिवाद मला मान्य नाही. पर्यावरणाची आठवण नेहमी गरिबाच्या २५ चौरस मीटरवरच का होते? ट्रक भरून शहरांकडे गेलेली वाळू कुणाच्या बंगल्यात लागली, याचा हिशेब आधी मांडावा. घर थांबवणे हा तोल नव्हे. घराबरोबर पाणी मंजूर करणे हा तोल.

सांगोल्याने हे एका बाबतीत करून दाखवले आहे. गणपतराव देशमुख अकरा वेळा इथून आमदार झाले, आणि त्यांच्या राजकारणाचा गाभा पाणीच होता. शिरभावी योजनेतून तालुक्यातल्या कितीतरी गावांना भीमेचे पाणी प्यायला मिळाले. शेतकऱ्यांनी थेंब मोजून डाळिंब पिकवले आणि शेततळ्यांच्या काठावर पक्की घरे बांधली. पुढे तेल्या आणि खोडकिडीने बागा मोडल्या तेव्हा हेही कळले की एका पिकावर उभी राहिलेली समृद्धी किती पातळ असते. आज टेंभूच्या योजनेतून कृष्णेचे पाणी उपसून माणदेशात येते. चांगलेच आहे. पण उपसलेल्या पाण्याला विजेचे बिल असते, मुरलेल्या पाण्याला नसते.

म्हणून वाचकांना, विशेषतः आपल्या तरुणांना, एक सांगणे आहे. गावात घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे येते, शहराचा विकास आराखडा हरकतींसाठी नगरपरिषदेत लागतो. यादीत आपल्या मोहल्ल्याचे नाव आहे का, हे आपण पाहतो, पाहिलेच पाहिजे. त्याच दिवशी आणखी तीन प्रश्न विचारावेत. या घरांना पाणी कुठून येणार? यांची वाळू कुठून येणार? यांचे छप्पराचे पाणी कुठे जाणार? प्रश्न लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी. ज्यांच्या पूर्वजांना काळीत वाटा नव्हता, त्यांना निदान पाण्याच्या नियोजनात तरी वाटा मागता येतो. तो मागायला सातबारा लागत नाही.